उत्तम मेंढपाळ : एका प्रतिमेचें परीक्षण

गिरगांवांत राहणारे आमचे एक संग्राहक स्नेही आहेत. पोथ्या, जुनीं नाणीं आणि मूर्तींचीं छायाचित्रें जमविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. गेल्या चातुर्मासांत त्यांनीं आम्हांस गोमंतकी हस्तिदंती मूर्तींच्या छायाचित्रांचा एक संच दाखविला आणि त्यांतील एका मूर्तीवर बोट ठेवून विचारलें, "मास्तर, ख्रिस्ती लोक पुढाऱ्याचा आदर्श म्हणून ज्या मेंढपाळाचें नांव घेतात, तो हा. पण याचे तर डोळे मिटलेले आहेत. झोंपलेला राखणदार आदर्श कसा?" त्या वेळीं आम्हांस समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. पुढें मूळ ख्रिस्ती ग्रंथ, आपलीं धर्मशास्त्रें आणि मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास हीं तिन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावर जें मत बनलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या प्रतिमेविषयीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पुढाऱ्यास मेंढपाळ म्हटलें म्हणजे अनुयायी आपोआप मेंढरें ठरतात. आणि मराठींत 'मेंढरूं' हा कांहीं गौरवाचा शब्द नव्हे. दुसरा पक्ष याच प्रतिमेचा उपयोग पुढाऱ्याच्या स्तुतीसाठीं करतो: तो वाट दाखवितो, त्यालाच दूरचें दिसतें, म्हणून त्याच्यामागून निमूटपणें चालावें. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. मेंढपाळ हा कळपाचा धनी आहे, असें दोघेही गृहीत धरून चालतात. वस्तुतः माणसांतील पुढाऱ्यास ही प्रतिमा लावावयाची, तर ती धनीपणाची नसून हिशेबाची आहे. दुसऱ्याचें जित्राब ज्याच्या स्वाधीन केलें आहे आणि संध्याकाळीं ज्याला तें परत मोजून द्यावयाचें आहे, असा तो माणूस आहे. हेंच सिद्ध करण्याचा येथें प्रयत्न आहे.

प्रथम मूर्ति पाहूं. पोर्तुगीज भाषेंत तिला 'बों पास्तोर', म्हणजे 'उत्तम मेंढपाळ', असें नांव आहे. ज्या गोमंतकांत फादर स्टीफन्स यांचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्यें छापलें गेलें, त्याच भूमींत त्याच शतकांत अशा मूर्ति घडूं लागल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें त्यांचे नमुने आहेत. रचना बहुधा ठरलेली असते. बाळ येशू लोकरीचा अंगरखा घालून, पायावर पाय टाकून, एका खडकाळ डोंगराच्या माथ्यावर बसला आहे. एक कोंकरूं खांद्यावर, एक मांडीवर. कमरेस पाण्याचा तुंबा आणि झोळी. एका हाताच्या तळव्यावर गाल टेकलेला आणि डोळे मिटलेले. खालीं डोंगराचे टप्पे. एका टप्प्यावर झरा असून पक्षी त्याचें पाणी पीत आहेत. दुसऱ्यावर मेंढरें आहेत. तळच्या गुहेंत अनुतापी मग्दालेची मरिया पहुडली आहे. विषय युरोपांतून आला, पण घडविणारे हात येथले. त्या मिटल्या डोळ्यांत ध्यानस्थ बुद्धाची छाया अनेक अभ्यासकांस दिसली आहे, तें साहजिकच आहे. स्नेह्यांचा प्रश्न मात्र तेवढ्यानें सुटत नाहीं. कारण ध्यान करणें हें राखणदाराचें काम नव्हे.

आतां मूळ ग्रंथाकडे वळूं. योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय हा या प्रतिमेचा मुख्य आधार होय. तेथें तीन पुरुष उभे केले आहेत: चोर, मोलकरी आणि मेंढपाळ. चोर दारानें न येतां भलतीकडून चढून येतो, म्हणून त्याला ओळखणें सोपें. खरा प्रश्न मोलकऱ्याचा आहे. दिवसभर तो मेंढपाळासारखाच दिसतो. काठी तशीच, वाट तीच, कुरणही तेंच. लांडगा दिसतांच मात्र मोलकरी पळतो आणि मेंढपाळ मेंढरांसाठीं स्वतःचा प्राण देतो. म्हणजे या दृष्टांतांत लांडगा हा चौथा पुरुष, आणि परीक्षक तोच. तो येईपर्यंत दोघांतला भेद कोणासही सांगतां येणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, त्या अध्यायांत मेंढरें मेंढपाळाचीं स्वतःचीं आहेत असें स्पष्ट आहे. मग धनीपण नाकारतां कसें? उत्तर असें कीं, तेथें बोलणारा ख्रिस्त स्वतःविषयीं बोलतो आहे. त्याच्यामागून येणाऱ्या मानवी पुढाऱ्यांस ख्रिस्ती ग्रंथांनीं तो अधिकार दिलेला नाहीं. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायांत इस्राएलाच्या मेंढपाळांवर आरोपपत्रच आहे. मेंढरांना चारण्याऐवजीं ते आपलेंच पोट चारतात, लोकर पांघरतात, पुष्ट जनावरें कापतात, आणि मोडलेल्याला बांधीत नाहींत. तेव्हां देव त्यांच्यापाशीं आपल्या मेंढरांचा जाब मागणार, असा त्याचा निकाल आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रांतही वडील मंडळींस हाच इशारा आहे: कळप देवाचा आहे, त्यावर धनीपण गाजवूं नका, मुख्य मेंढपाळ यावयाचा आहे. ज्याच्या वर मुख्य मेंढपाळ आहे, तो स्वतः धनी कसा असेल?

हा धनी आणि राखणदार यांचा भेद संस्कृत जाणणाऱ्यांस नवा नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत धनी व गुराखी यांच्या तंट्याचें एक स्वतंत्र पद आहे, त्यास स्वामिपालविवाद म्हणतात. त्याचे नियम मोठे बारकाईचे आहेत. दिवसा जनावरांची जबाबदारी पालावर. रात्रीं तीं धन्याच्या घरीं असल्यास धन्यावर. पालाच्या प्रयत्नाअभावीं जनावर हरवलें, कुत्र्यांनीं मारलें किंवा खड्ड्यांत पडून मेलें, तर तें पालानें भरून द्यावें. चोरांनीं उघड उघड बळानें नेलें, तर पालाकडे दोष नाहीं. मात्र त्यानें योग्य वेळीं धन्यास जाऊन सांगितलें पाहिजे. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनीं घेरलें असतां पाल धांवून आला नाहीं, तर जें मरेल त्याचा दोष त्याच्यावर. पण तो नीट राखीत असतांना लांडग्यानें एकाएकीं झडप घालून एखादें मारलें, तर तो निर्दोष.

लांडगा, मेंढरें आणि न धांवलेला राखणदार, हे तिन्ही दोन्हीकडे आहेत. यावरून एकानें दुसऱ्याचें घेतलें, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. मेंढरें राखण्यास माणूस ठेवण्याची रीत जेथें आहे, तेथें हा तंटा उद्भवणारच. पुराव्याच्या बाबतींतही असेंच साम्य आहे. जनावर मेल्यास त्याचे कान, चामडें, शेंपूट इत्यादि धन्यास दाखवावें असें मनु सांगतो. तर आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथांत मेंढपाळ सिंहाच्या तोंडांतून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, असा दाखला आहे. आणि याज्ञवल्क्यानें तर सर्व व्यवहाराचें सार एका नियमांत सांगितलें आहे: सकाळीं जशीं सोंपविलीं, तशींच जनावरें गुराख्यानें संध्याकाळीं परत करावीं. आमच्या मतें मेंढपाळाच्या प्रतिमेचें याहून नेमकें भाष्य सांपडणें कठीण.

कायद्यांत जो पाल आहे, तोच काव्यांत कालिदासानें राजाच्या रूपानें उभा केला आहे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत दिलीप राजा वसिष्ठांच्या नंदिनी धेनूमागें रानांत हिंडतो. ती बसली कीं बसतो, ती पाणी प्याली कीं पितो. एके दिवशीं सिंह तिला पकडतो आणि बाणाकडे गेलेला राजाचा हात तेथेंच खिळून राहतो. मग सिंह त्याला उपदेश करतो. तो उपदेश पुढाऱ्यांनीं मुद्दाम वाचावा असा आहे; कारण पळून जाणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याचें समर्थन त्यांत आहे. एका गाईसाठीं एवढें राज्य आणि हें तारुण्य टाकणें हा अविचार होय. तूं जगलास तर पित्याप्रमाणें सर्व प्रजेचें रक्षण करशील. गुरूचा राग कोट्यवधि दुभत्या गाई देऊन शमवितां येईल. यांतील एकही मुद्दा खोटा नाहीं. दिलीपाचें उत्तर मात्र दुसऱ्याच पातळीवरचें आहे. तो सिंहास म्हणतो कीं, तूंही या देवदारूचा नेमलेला राखणदार आहेस, तेव्हां तुला कळेल: राखावयास दिलेली वस्तु नष्ट होऊं देऊन स्वतः मात्र अंगावर ओरखडाही न घेतां, नेमणाऱ्यापुढें जाऊन उभें राहतां येत नाहीं. पृथ्वीचा सम्राट् येथें सम्राट् म्हणून बोलत नाहीं, पाल म्हणून बोलतो. सिंह त्याला किती गाई, किती प्रजा याचें गणित सांगतो. तो संध्याकाळीं धन्यासमोर उभें राहण्याची गोष्ट करतो.

आतां शब्दांकडे पाहूं. संस्कृतांत रक्षण करणें या अर्थाचा 'गुप्' हा धातु आहे; गोप्ता, गुप्ति, गुप्त हे शब्द त्याचेच. भाषाशास्त्रज्ञांच्या मतें हा धातुच मुळीं 'गोपा' म्हणजे गुराखी या वैदिक शब्दावरून मागाहून बनला. राखणें ही क्रिया आपल्या भाषेनें गुराख्यापासून शिकली, असा याचा अर्थ. मराठी ख्रिस्ती मंडळींनीं आपल्या उपदेशकास 'पाळक' म्हटलें, त्यांतही हीच सूक्ष्म दृष्टि दिसते. मूळ लॅटिन 'पास्तोर' शब्दांत चारण्याचा अर्थ प्रधान आहे. 'पाळक' शब्दांत रक्षणाचा. शिवाय त्यांतून मेंढरूं गळून गेलें आहे आणि राखण्याचें कर्तव्य तेवढें शिल्लक राहिलें आहे. आपण मुलांच्या आईबापांस 'पालक' म्हणतों, तो त्याचाच सख्खा भाऊ.

मेंढरांच्या अपमानाचा आक्षेपही येथेंच निकालांत काढूं. संस्कृत पंडित आंधळ्या अनुकरणास गड्डरिकाप्रवाह म्हणतात: एक मेंढी खड्ड्यांत पडली कीं तिच्यामागून साऱ्या. योहानाच्या त्या अध्यायांतील मेंढरें याच्या नेमकीं उलट आहेत. मेंढपाळ त्यांना नांवानें हांक मारतो, तीं त्याचा आवाज ओळखतात, आणि परक्याचा आवाज आला तर त्याच्यामागें न जातां पळून जातात. पारख करणारा कळप म्हणजे गड्डरिकाप्रवाह नव्हे. तेव्हां जो पुढारी या प्रतिमेचा आधार घेऊन मुकाट अनुसरण मागतो, त्यानें तो अध्याय अर्धाच वाचला, असें म्हणावें लागतें.

प्रतिमेचा असा अर्थ लावल्यावर ती इतिहासाला लावून पाहणें इष्ट. त्यासाठीं दूर जावयास नको. दादरचें 'पोर्तुगीज चर्च' सर्वांस ठाऊक आहे. फ्रान्सिस्कन साधूंनीं १५९६ मध्यें स्थापिलेल्या या चर्चची आजची इमारत वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांची, १९७७ मधील आहे. इमारत बदलली तरी लोकांच्या तोंडीं नांव जुनेंच राहिलें. आणि त्या नांवांत मुंबईच्या कॅथलिकांचा दोनशें वर्षांचा तंटा दडला आहे. पूर्वेकडील चर्चांवर नेमणुका करण्याचा पोर्तुगालच्या राजाचा जो हक्क, त्यास पाद्रोआदो म्हणत; आणि रोमच्या ज्या कचेरीमार्फत पोप थेट धर्माधिकारी पाठवी, ती प्रोपागांदा. मुंबई इंग्रजांकडे आल्यावर त्यांना गोव्याच्या आर्चबिशपाच्या हुकमतींतील पाद्री राजकीय दृष्ट्या संशयास्पद वाटूं लागले. १७२० मध्यें त्यांनीं त्या पाद्र्यांस घालवून रोमनें नेमलेल्या कार्मेलाइट धर्माधिकाऱ्यास आणलें. पुढें हक्क फिरून गोव्याकडे, पुन्हा रोमच्या माणसाकडे असें होतां होतां १७९४ मध्यें सरकारनें चर्चेंच दोघांत वांटून दिलीं. एका शहरांत, एकाच धर्माच्या माणसांस, दोन मेंढपाळ!

या तंट्याचा कळस माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्यें १८५३ मध्यें झाला. तेथील पुष्कळ लोकांचा ओढा पाद्रोआदोकडे होता. रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन हे चर्च हातचें जाऊं नये म्हणून आंत जाऊन बसले आणि विरुद्ध पक्षानें बाहेरून वेढा दिला. वेढा बरेच दिवस चालला. अखेर सरकारला मध्यें पडावें लागलें आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलें. हार्टमन यांच्या निष्ठेविषयीं आम्हांस शंका नाहीं. प्राण गेला तरी हटणार नाहीं, अशीच त्यांची वृत्ति होती. परंतु परीक्षक या नात्यानें विचारावें लागतें: लांडगा कोठें होता? वेढा देणारे त्याच चर्चचे लोक होते. म्हणजे मेंढपाळ ज्यांच्यापासून कुरण राखीत होता, तीं त्याचींच मेंढरें. धैर्य होतें, त्यागाची तयारीही होती, परंतु जें राखावयाचें तें कोणतें, याचा विसर पडला होता. प्राण देण्याची तयारी एवढ्याच खुणेवर मेंढपाळ ओळखूं गेल्यास फसगत होते, हें या प्रसंगावरून शिकावें.

याच्या उलट उदाहरण याच गादीचें आहे. १९२८ च्या करारानें दुहेरी अधिकार संपला. पण मुंबईस आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असें ठरलें. त्याप्रमाणें १९३७ मध्यें टॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले. आपल्या जागीं भारतीय माणूस यावा असें त्यांचें मत होतें. १९४६ मध्यें व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. त्यानंतर रॉबर्ट्स कारभार त्यांच्यावर सोंपवून मुंबईबाहेर राहिले. १९५० मध्यें पोर्तुगालनें हक्क सोडला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. तेच १९५३ मध्यें पहिले भारतीय कार्डिनल. रॉबर्ट्स यांनीं पुढें १९५४ मध्यें 'ब्लॅक पोप्स' हें छोटेखानी पुस्तक लिहिलें. त्याचा विषयच अधिकाराचा उपयोग आणि दुरुपयोग हा आहे.

वरवर पाहतां हार्टमन राहिले आणि रॉबर्ट्स गेले. दृष्टांताच्या अक्षराला धरून बसल्यास राहिला तो मेंढपाळ, गेला तो मोलकरी असें म्हणावें लागेल. परंतु मोलकऱ्याचें जाणें आणि पालाचें जाणें यांत भेद आहे. मोलकरी कळप लांडग्यापुढें टाकून जातो. पाल कळप दुसऱ्याच्या हातीं देऊन जातो. याज्ञवल्क्याच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे परत करणें, रॉबर्ट्स यांनीं पाळला. राखण्यापेक्षां परत करणें पुढाऱ्यांना अधिक जड जातें, असें जगाच्या इतिहासांत पदोपदीं दिसतें.

येथें स्वतःचा एक अनुभव नमूद करतों. विषयाला सोडून होणार नाहीं. २६ जुलै २००५ च्या पावसांत आम्ही परळच्या एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. गाड्या बंद पडल्या, रस्त्यावर पाणी चढलें, आणि लांब राहणारीं एकोणीस मुलें शाळेंत अडकलीं. घरीं वृद्ध मातोश्री एकट्या होत्या. सायंकाळीं आम्हीं पिशवी उचलली आणि गिरगांवची वाट धरली. कारण खरें होतें. सिंहानें दिलीपास दिलेलीं कारणेंही खरीच होतीं. दुसरे दिवशीं परतलों, तेव्हां शाळेच्या शिपायानें मुलें रात्रभर सांभाळून, त्यांना खिचडी करून घालून, एकेकाला त्याच्या आईबापांच्या हवालीं केलें होतें. आणि प्रत्येकाची वेळ टाकून वहींत सही घेतली होती. एकोणीस नांवें, एकोणीस सह्या. पगार आम्हां दोघांसही मिळत होता, आणि आमचा त्याच्याहून अधिक होता. तेव्हां मोलानें माणूस मोलकरी होत नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. त्या वर्षीं रघुवंशाचा दुसरा सर्ग वर्गांत शिकवितांना आमचा आवाज पूर्वीसारखा लागला नाहीं. वहीचीं तीं दोन पानें पुढें त्या शिपायापाशीं मागून घेतलीं. आमच्या लहानशा संग्रहांत त्यांहून मोलाचा कागद नाहीं.

आतां स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊं. मूर्तीचे डोळे मिटलेले आहेत हें खरें. ख्रिस्ती भाष्यकार येथें गीतरत्नांतील निजलेल्या पण हृदयानें जाग्या असलेल्या प्रेमिकेचें स्मरण करतात. आमची दृष्टि हातावर टेकलेल्या गालाकडे जाते. संस्कृत काव्यांत तळहातावर गाल ठेवणें ही निद्रेची खूण नसून चिंतेची आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत शकुंतला अशीच बसलेली आहे. घडविणाऱ्या कारागिराच्या मनांत काय होतें यावर आम्ही पैज लावणार नाहीं. परंतु ज्याच्या खांद्यावर आणि मांडीवर एकेक कोंकरूं आहे, त्याची ही बैठक चिंतेची म्हणून पाहिल्यास मूर्ति अधिक खरी वाटते.

तरीही पुढाऱ्याचा आदर्श म्हणून ही मूर्ति अपुरी आहे, असाच आमचा अभिप्राय आहे. तिच्यांत झरा आहे, मेंढरें आहेत, अनुताप आहे, लांडगा नाहीं. कांहीं नमुन्यांत तळाशीं सिंह दिसतात, पण तेही पाळीव असल्यासारखे निवांत. आणि संध्याकाळ नाहीं. घरांतल्या देव्हाऱ्यासाठीं घडविलेल्या भक्तीच्या वस्तूंत हा दोष धरूं नये. पण तीच वस्तु सभामंडपांत नेऊन पुढाऱ्याच्या मागें उभी करणारांनीं तो अवश्य ध्यानांत घ्यावा. डोंगराच्या माथ्यावर बसणें हें पालाच्या कामाचें सर्वांत सोपें अंग आहे.

स्नेह्यांस आम्हीं एवढेंच लिहून पाठविलें आहे कीं, त्या छायाचित्राच्या मागील कोऱ्या बाजूवर मनूचा लांडग्याविषयींचा नियम आणि याज्ञवल्क्याचा संध्याकाळचा नियम उतरून ठेवावा. मूर्ति पुढून पाहावी आणि मागून वाचावी, म्हणजे ती पुरी होईल.